ड्रॉइंगमध्ये नसलेला सपोर्ट

आमच्या कारखान्यात बाबा मिस्त्री होते आणि मी ड्रॉइंग करायची. फाटकातून आत शिरलं की मीही त्यांना मिस्त्रीच म्हणायची. हा नियम माझाच. बापाच्या जिवावर खुर्ची मिळाली असं कुणी म्हणायला नको. बाबांना त्याचं हसू यायचं. "घरी भाजीत मीठ कमी पडलं तर मिस्त्री म्हणून बोलायचं की बाप म्हणून?" असं ते डबा खाताना विचारायचे.

आम्ही वीज वाटणारी पॅनलं बनवायचो. माणसापेक्षा उंच लोखंडी कपाटं, पुढे स्विच आणि मागे तांब्याच्या जाड पट्ट्या. कारखान्याची सगळी वीज या पट्ट्यांतून धावते. कुठे शॉर्टसर्किट झालं की क्षणभर त्यांतून एवढा करंट जातो की शेजारच्या पट्ट्या एकमेकींना हिसडे मारायला लागतात, भांडण पेटलेल्या जावांसारख्या. त्यांना जागेवर धरून ठेवतात ते सपोर्ट, म्हणजे फायबरचे तळहाताएवढे ठोकळे. त्यांनी एक सेकंद धरलं की झालं, तेवढ्यात मुख्य स्विच पडून वीज बंद होते. नाही धरलं तर दार उडतं, आणि समोर जो उभा असेल त्याचं काही खरं नसतं.

मालकांना आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र हवं होतं. मोठी गिऱ्हाइकं त्याशिवाय पॅनलला हात लावेनाशी झाली होती आणि शेडमध्ये आम्ही चाळीस माणसं होतो. प्रमाणपत्राची रीत अशी: एक नमुना बनवून लॅबला पाठवायचा. तिथे त्यातून खराखुरा शॉर्टसर्किटचा करंट सोडतात. तो टिकला, तर त्या ड्रॉइंगप्रमाणे बनणारं प्रत्येक पॅनल पास. परीक्षा एकाची आणि निकाल सगळ्यांचा.

पहिला नमुना नापास झाला. जाड काचेमागे उभी राहून मी पाहिलं. एक धडाका, दार सताड उघडं आणि आतल्या पट्ट्या वाकड्यातिकड्या. ड्रॉइंग माझं होतं. घरी येऊन मी तीन दिवस धड जेवले नाही, आणि कुणी समजूत काढायला आलं की अंगावर जायची. चौथ्या दिवशी पुन्हा गणित मांडलं, सपोर्ट जवळजवळ आणले, पट्ट्या जाड केल्या. दुसरा नमुना बाबांनी एकट्याने बांधला. अकरा दिवस कुणाला हात लावू दिला नाही.

लॅबला पाठवण्याआधी एका कागदावर माझी सही लागायची: नमुना ड्रॉइंगप्रमाणेच आहे, सर्व मापं तपासली आहेत. लॅबवाले बाहेरची मापं आणि पट्ट्यांची जाडी बघायचे. आतल्या बाकी सगळ्याची जबाबदारी त्या सहीवर होती. आता, मापाच्या बाबतीत मी बदनामच होते. शेडमध्ये मला फुटपट्टी म्हणायचे. हे नाव ठेवलं लंबूने. तो आमचा सगळ्यात उंच फिटर, आणि त्याच्या पॅनलमधला वॉशरसुद्धा मी मोजल्याशिवाय सोडायची नाही.

त्या दिवशी मी मापं घ्यायचा कॅलिपर घेऊन गेले तेव्हा बाबांनी मागचं झाकण लावून सगळे स्क्रू आवळलेले होते.

"उघडू का?" त्यांनी विचारलं.

"तुमचं काम काय मोजायचं," मी म्हणाले. "राहू द्या."

आणि दारावरच कागद ठेवून सही केली. बाबा क्षणभर तसेच उभे राहिले. मग फडकं घेऊन दार पुसायला लागले. मला वाटलं, त्यांना बरं वाटलं असेल. मलाही बरं वाटत होतं. बाकी सगळ्यांची मापं डोळ्यांत तेल घालून घेणारी मी, तिथे तेवढी लाडात आले.

नमुना पास झाला. काचेमागे नुसता धप्प आवाज, दार जागच्या जागी. मालकांनी शेडमधल्या प्रत्येकाशी हात मिळवला. मला आयुष्यात तेवढा आनंद पुन्हा झाला नाही, आणि आता होईल असंही वाटत नाही.

चार महिन्यांनी प्रमाणपत्र हातात आलं आणि त्याच आठवड्यात बाबांची नोकरी संपली. डोळ्यांत मोतीबिंदू होता, उजव्याने जवळजवळ दिसतच नव्हतं. नव्या ड्रॉइंगची पहिली सात पॅनलं लंबूने बांधली. पहिल्याच वेळी तो माझ्या टेबलाशी आला होता.

"ताई, मागच्या कोपऱ्यात पट्टी वळते तिथे एक सपोर्ट टाकू का? मिस्त्री टाकायचे."

"ड्रॉइंगमध्ये आहे?"

"ड्रॉइंगमध्ये नाही."

"मग विचारतोस कशाला? जुन्या पॅनलमध्ये टाकत असतील. आता प्रमाणपत्र आहे. ड्रॉइंगबाहेर एक स्क्रूही जाता कामा नये."

"तुम्ही म्हणाल तसं," म्हणून तो गेला. सातही पॅनलं मी मोजली. एकातही मिलिमीटरचा फरक नव्हता.

त्यातलं तिसरं एका पुठ्ठ्याच्या कारखान्यात गेलं. तिथला इलेक्ट्रिशियन मला अधूनमधून फोन करायचा. काम नसलं तरी करायचा. "ताई, तुमचं पॅनल एवढं शांत आहे की चालू आहे का बघायला जावं लागतं," म्हणायचा. त्याने प्रमाणपत्राची प्रत प्लास्टिकमध्ये बसवून पॅनलच्या दारावर चिकटवली होती. जुन्या पॅनलसमोर तो नेहमी बाजूला सरकून उभा राहायचा म्हणे. आमच्या पॅनलसमोर बिनधास्त उभा राहायचा.

केबलच्या खणात उंदीर शिरला आणि शॉर्टसर्किट झालं. तेव्हा तो समोर उभा राहून मीटरचे आकडे वहीत उतरवत होता. पॅनलने एक सेकंद धरायला हवं होतं. नाही धरलं. हॉस्पिटलमध्ये नेईपर्यंत तो गेला.

मालकांनी मला बघायला पाठवलं. मी बाबांना बरोबर नेलं, कारण मला एकटीने जायची हिंमत नव्हती. खोलीत जळलेल्या फायबरचा वास अजून होता. दार एका बिजागरीवर लोंबत होतं. प्रमाणपत्राच्या प्लास्टिकच्या कडा आत वळल्या होत्या, पण अक्षरं नीट वाचता येत होती. खाली त्याची वही पडली होती. शेवटचा आकडा अर्धाच होता.

बाबांना आता नीट दिसत नव्हतं म्हणून त्यांनी मागून आत हात घातला आणि पट्ट्या चाचपत गेले. कोपऱ्यापाशी हात थांबला. मग पुन्हा मागे जाऊन तिथेच आला.

"इथला सपोर्ट कुठाय?"

"कुठला?"

"कोपऱ्यातला. पट्टी वळते तिथला."

"तिथे सपोर्ट नाहीच आहे, बाबा. ड्रॉइंगमध्ये नाही."

कारखान्यात मी त्यांना बाबा म्हटलं, हे नंतर माझ्या लक्षात आलं. त्यांनी हात बाहेर काढला. तो कोपरापर्यंत काळा झाला होता.

"नमुन्यात होता," ते म्हणाले. "मी लावला होता."

मी वाकून त्या कोपऱ्याकडे पाहिलं.

"तो कोपरा मला कच्चा वाटत होता," ते सांगत राहिले. "बोललो असतो तर तू म्हणाली असतीस, मिस्त्री, तुम्हाला गणित कळतं का. आणि पहिल्या वेळचं तुझं तोंड माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हतं. म्हटलं, लावून टाकू. झाकण उघडशील तेव्हा तुला दिसेलच. मग चिडलीस तर चिडलीस."

"मी उघडलं नाही."

"हो. मी विचारलं होतं तुला."

"एकदाच विचारलंत."

"हो," बाबा म्हणाले. "एकदाच."

आपलेच दात, आपलेच ओठ. मी कुणावर चिडायचं? ते माझी लाज राखायला गेले म्हणून एक माणूस मेला. मी त्यांचा मान राखायला गेले म्हणून मेला. दोघांनी एकमेकांवर माया केली, आणि त्याची किंमत मोजली ती आम्हाला शांत पॅनलबद्दल फोन करणाऱ्या माणसाने.

प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचा चौकशीचा फॉर्म आला. मालक दोन दिवसांत म्हातारे दिसायला लागले होते. ते हळूच म्हणाले, "लंबू सपोर्ट लावायला विसरला असं लिहिलं तर? त्याला मी दुसरीकडे कामाला लावून देईन." ते वाईट नव्हते. चाळीस घरांचा विचार करत होते. बाबा म्हणाले, "लंबूचं नाव कशाला? माझं घाला. म्हाताऱ्याने न सांगता फेरफार केला. खोटं काय त्यात?"

फॉर्ममध्ये सातवा प्रश्न होता: नमुना आणि ड्रॉइंग यांत फरक नाही याची खात्री कोणी केली? तिथे एकच नाव बसत होतं. मी ते लिहिलं.

नऊ दिवसांनी उत्तर आलं. प्रमाणपत्र रद्द. बाहेर असलेली सहा पॅनलं ताबडतोब बंद करावीत. नवी चाचणी होईपर्यंत त्यांत कोणताही जादा भाग बसवू नये, कारण तो मंजूर ड्रॉइंगमध्ये नाही. माझंच वाक्य छापील अक्षरांत माझ्याकडे परत आलं होतं. आमच्याकडून पुढची दोन वर्षं नमुना स्वीकारणार नाहीत, हे शेवटच्या ओळीत होतं. मालकांनी ते पत्र शेडमध्ये सगळ्यांना स्वतः वाचून दाखवलं. लंबूने आपली पेटी आवरली. जाताना तो मला "येतो, ताई" म्हणाला. मी तुम्हाला सांगितलं होतं, असं तो एकदाही म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं.

घरी आले तर बाबा मागच्या खोलीत खिडकीशी बसले होते. उन्हात, पायांत फायबरची पट्टी दाबून कानशीने घासत होते. पुढ्यात वर्तमानपत्रावर पाच सपोर्ट ओळीने मांडलेले. बैल गेला आणि झोपा केला, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यांच्या मनगटापर्यंत पांढरी भुकटी साचली होती, आणि सहावा हातात होता.

"लंबूला सांग, दोघं मिळून जाऊ," ते म्हणाले. "एका दिवसात दोन पॅनलं होतील. पुढच्या आठवड्याच्या आत सगळी होतील. तू फक्त त्या कारखान्यांना कळवून ठेव."

पत्र माझ्या पिशवीत होतं. मी खाली बसले.

सहावा त्यांनी फुंकर मारून माझ्यापुढे धरला. दुसऱ्या हाताने चाचपडत माझा कॅलिपर शोधून दिला. तो त्यांनी घरातल्या माझ्या खणातून आधीच काढून आणला होता.

"या वेळी मोज," ते म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदा मी बाबांचं काम मोजलं. वळणापाशी तीन मिलिमीटर कमी भरलं. मी पाचवा उचलला. चार कमी. मग बाकीचे. एकही सपोर्ट तांब्याच्या पट्टीला धरणार नव्हता. बाबा खिडकीकडे तोंड करून वाट बघत होते, निकालाची वाट बघावी तसे. बरोबर आहे, राहू द्या, एवढं म्हणायला मला काहीच लागलं नसतं. तेवढं मला आधीपासून येत होतं.

"कमी आहेत, बाबा," मी म्हणाले. "सगळे."

त्यांनी मान हलवली. सहाही ठोकळे वर्तमानपत्रात गुंडाळून बाजूला ठेवले आणि हात पुढे केला.

"फायबरची नवी पट्टी दे," ते म्हणाले. "आणि इथेच बस. प्रत्येक मोजत जा."

मी पत्र काढलं नाही. पट्टी दिली आणि तिथे बसले. ऊन जाईपर्यंत ते कापत राहिले आणि मी मोजत राहिले, आणि दर वेळी त्यांना सांगत राहिले की कमी आहे.