मंडळीचं आमेन

नव्या पाळकांनी चर्चमधली बाकं काढली, खुर्च्या गोलात मांडल्या, खिडक्यांना काळे पडदे लावले आणि प्रत्येक खुर्चीवर हेडफोन ठेवले. "तरुणांना आणायचं तर कात टाकायला हवी," ते म्हणाले. मग त्यांनी तिच्याकडे तिच्या वारलेल्या वडिलांचा आवाज मागितला.

तीस वर्षं मंडळीची प्रार्थना वडीलच चालवत. घरी सराव करताना भरलेल्या त्यांच्या चाळीस कॅसेटी तिच्याकडे होत्या. त्यांना जाऊन तीन महिने झाले होते. नाही म्हणायला तिची जीभ रेटली नाही. कॉम्प्युटर तो आवाज शिकला आणि स्वतःच नव्या प्रार्थना रचून म्हणू लागला.

पहिल्या रविवारी आई रडली, दुसऱ्या रविवारी हसली. तिसऱ्यानंतर आईच्या रक्तदाबाच्या न घेतलेल्या गोळ्या उशीखाली सापडल्या.

"आई, हे काय?"

"ह्यांना विचारते रविवारी. घे म्हणाले तर घेईन."

"यंत्र आहे गं ते."

"आणि तुझे बाबा कोण होते? पाचाचा चहा पाच-पाचला दिला तर चालायचा?" आई खुदकन हसली.

आज प्रार्थना संपताच आईचा हात धरून निघायचं, पुन्हा इथे आणायचं नाही, असं ठरवून ती शेजारी बसली होती. आजवर पाळक वीस मिनिटांनी बटण दाबत. आज त्यांनी जाहीर केलं, "आता बटण नाही. आमेन ऐकू आलं की यंत्र आपोआप थांबेल."

अकराला सुरू झालेली प्रार्थना साडेबाराला चालूच होती. कुणी खोकलंसुद्धा नाही.

मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. चाळीस कॅसेटींत आमेन नव्हतंच. शेवटच्या ओळीनंतर बाबा गप्प होत. "आमेन मंडळीचं. माझं नाही," म्हणत. यंत्र तो शब्द स्वतःहून कधीच म्हणणार नव्हतं; तो इथल्याच कुणीतरी म्हणायला हवा होता.

तिने हेडफोन काढले, तोंड उघडलं. आईचा तळहात घट्ट ओठांवर बसला.

"म्हणू नकोस," आई कुजबुजली. "एकदा गेले तेवढं पुरे."

तिने मान वळवली. गोलातले सगळे डोळे उघडे होते आणि तिच्याकडे लागले होते. पाळक हळूच उठले, दाराशी गेले, कडी लावून परत जागेवर बसले.

मांडीवरच्या हेडफोनमधून बाबा, श्वासही न घेता, पुढे म्हणतच होते.