फ्रेंच बाईंपुढचा पेला

तासगावात सयाजीरावांची द्राक्षबाग. परदेशी पाहुणे माल बघायला आले, की त्यांच्याशी बोलायचं काम वीरधवलचं. पुण्यात राहून तो फ्रेंच शिकला होता, इंग्रजी तर फाडफाड. पण गेल्या साली नेदरलँड्सचे पाहुणे आले, आणि भाव खाऊन गेले बिरदेवमामा. पंचवीस वर्षं बागेत राबणारे, साठी उलटलेले धनगर गृहस्थ, त्यांनी द्राक्षरसाचा पेला उंचावून "प्रोस्त!" म्हटलं आणि पाहुण्यांनी टाळ्या पिटल्या. शब्द वीरधवलनेच शिकवलेला. पण सयाजीराव वर्षभर कौतुक सांगत सुटले ते मामांचं.

ते वीरधवलला सलत राहिलं.

यंदा फेब्रुवारीत फ्रान्सच्या सिल्वीबाई येणार, हे कळताच मामा त्याच्याकडे आले. "फ्रेंच लोक पेला उचलल्यावर काय म्हणत्यात रं?"

"कोशों," वीरधवल म्हणाला. "आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघून म्हणायचं."

डोळ्यांचं खरं होतं. कोशों म्हणजे मात्र डुक्कर. पॅकिंगच्या शेडमधल्यांना त्याने ते सांगितलं, तेव्हा सगळे पोट धरून हसले. आदल्या दिवशी खरा शब्द सांगू, असं त्याने ठरवलं होतं. पण त्याच दिवशी सयाजीराव म्हणाले, "उद्या मामांनाच म्होरं करू." वीरधवलने खरा शब्द सांगितलाच नाही.

मामा धुतलेला पटका बांधून आले. बाईंच्या डोळ्यांत बघून, छाती भरून म्हणाले, "कोशों!"

मागं कुणीतरी फिसकन हसलं. बाईंचं हसू विरलं. त्यांनी मामांचा खुललेला चेहरा पाहिला, मग शेडकडे नजर टाकली, आणि पेला उचलून हळूच म्हणाल्या, "सांते."

नंतर त्यांनी वीरधवलला फ्रेंचमध्ये विचारलं, "यांना हा शब्द कुणी शिकवला?"

"मोबाइलवर ऐकला असेल."

त्यानंतर बाई दिवसभर थेट सयाजीरावांशीच सोप्या, तुटक इंग्रजीत बोलल्या.

पाहुणे गेल्यावर मामा त्याच्याजवळ आले. "बाई येगळंच बोलली. माजा उच्चार बिघडला आसंल. तू येवढं शिकवलंस, आन म्या तुझं नाव घालवलं. माफ कर, पोरा."

वीरधवलला एकदा वाटलं, मान हलवावी आणि सुटावं. पण मामा खरंच उत्तराची वाट बघत होते.

"मामा, तुमी न्हाई चुकला." आणि त्याने सगळं सांगून टाकलं.

मामा क्रेटवर बसले. "म्हंजी शेडमधी समद्यांस्नी ठावं हुतं?"

"व्हय."

"आन म्या आठ दिवस घोकत हुतो त्यांच्याच म्होरं." मग म्हणाले, "खरा शब्द काय?"

"सांते. म्हणजे तब्येत. तुमची तब्येत चांगली राहू दे, असं."

"ब्येस हाय की." पण तो शब्द त्यांनी उच्चारून पाहिला नाही.

वीरधवलने सयाजीरावांना सांगितलं, शिव्या खाल्ल्या. बाईंना मेल लिहिला. एका ओळीचं उत्तर आलं: माफी माझी नको, त्यांची मागा. ती त्याने मागितली. मामा "व्हय, व्हय" म्हणाले आणि कामाला लागले.

पंधरा दिवसांनी जर्मनीचे पाहुणे आले. वीरधवल मामांना बोलवायला वेलींत शिरला.

"चला की मामा. त्यांच्यातही 'प्रोस्त'च म्हणतात. सयाजीरावांना विचारा, पाहिजे तर."

मामांनी कात्रीनं घड उतरवला आणि क्रेटमध्ये ठेवला. "कशाला इचारू? जा तू. पावणं खोळंबल्यात."