बाबाचा नंबर

तुर्कस्तानातल्या देनिझली शहरात, टॉवेलच्या कारखान्यात सेवील तपासणी विभागाची प्रमुख होती. कामाच्या वेळी फोन कपाटात कुलूपबंद ठेवायचा, असा तिथला नियम. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने फोन काढला, तर शाळेकडून एकामागून एक फोन येऊन गेलेले. तिची लेक इपेक तापाने फणफणली होती.

टॅक्सी करून ती पोचली, तेव्हा पोर शिक्षकांच्या खोलीत बाकावर, कोणाच्या तरी कोटाखाली, भिंतीकडे तोंड करून पडली होती. सकाळपासून. वर्गशिक्षिका गुल्तेनबाई अवघडून म्हणाल्या, "बाबांना फोन करू नका, ते गडबडून जातात, असं तुम्हीच सांगितलं होतंत. त्यांचा नंबरही दिला नव्हतात."

सांगितलं होतं खरं, वर्षाच्या सुरुवातीला, हसत हसत. तिच्या नवऱ्याचं, तुर्गुतचं, तसबिरींना चौकटी करून देण्याचं दुकान शाळेच्या मागच्याच गल्लीत होतं. हाक मारली असती तरी आला असता.

मुलीला घरी आणून तिने त्याला कळवलं. दुकान बंद करून तो धावत आला, तेव्हा तिला सारं सांगावंच लागलं. त्याने आवाज चढवला नाही. मुलीच्या कपाळावरची ओली पट्टी बदलत एवढंच विचारलं, "मी काय परका आहे का गं?"

कारखान्यात चहाच्या वेळी बायका नवऱ्यांची गाऱ्हाणी सांगायच्या, त्यात सेवीलचा आवाज सगळ्यांत मोठा. आमच्याकडे बाप म्हणजे पाहुणा, असं ती म्हणायची आणि सगळ्या हसायच्या. पण त्याने घातलेली इपेकची वेणी सोडून पुन्हा घालणारी तीच. इपेक तान्ही असताना, पाडशील म्हणून तिला त्याच्या हातातून काढून घेणारीही तीच. हळूहळू तो पुढे येईनासा झाला, आणि तिने त्याचंही गाऱ्हाणं केलं.

तुर्गुतने चमच्यात औषध ओतलं. इपेकने तोंड फिरवलं. "तू नको. तुला येत नाही. आई देईल."

शब्द सेवीलचेच होते, सूरसुद्धा. तुर्गुतने चमचा सेवीलपुढे धरला. तिने घेतला नाही.

"तूच दे," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. आतून रडणं ऐकू येत होतं, मग त्याचं समजावणं, मग पुन्हा रडणं. ओट्याची कड घट्ट धरून ती तिथेच थांबली.

दुसऱ्या दिवशी तुर्गुतने दुकान उघडलं नाही. सेवील कामावर गेली, पण डाग पडलेले टॉवेल तिच्या नजरेतून सुटत राहिले. परतली, तर बापलेक सोफ्यावर एकमेकांना बिलगून झोपलेले. मुलीच्या अंगात उलटा स्वेटर, गालिच्यावर पावाचे तुकडे. ताप उतरला होता.

तिला हायसं वाटलं. आणि त्याच वेळी, कोणाला सांगता येऊ नये अशी एक कळ आत उठली: पोरीने दिवसभरात आपली आठवणच काढली नसेल का? त्या विचाराची तिला लाज वाटली. अंगातला कोटही न काढता ती कितीतरी वेळ दारातच उभी राहिली.