बैल पाडायचा दोर

आमच्या घरात खुंटीवर एक दोर पंधरा वर्षं टांगलेला होता आणि त्यावरून मी नवऱ्याशी पंधरा वर्षं भांडले. सुती दोर, अंगठ्याएवढा जाड, वापरून वापरून मऊ झालेला. माझा नवरा चंदर तरुणपणी कशेळ्याच्या बाजारात नालबंदाच्या हाताखाली होता. बैलाला नाल ठोकायची तर त्याला आधी आडवा करावा लागतो, आणि बैल आडवा करण्यात ह्यांचा हात धरणारा दहा गावांत नव्हता. हे ते स्वतःच सांगतात, म्हणून मी त्यातलं निम्मं धरत आले. पुढे पॉवर टिलर आले, बैल गेले, नालबंदही वारला. दोर तेवढा राहिला.

"आता काय त्याचं लोणचं घालायचंय?" मी विचारायची.

"ऱ्हाऊ दे गं. तुझं काय खातो तो?"

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. गेल्या उन्हाळ्यात हे डोळे तपासायला कर्जतला गेले, तेव्हा मी त्या दोराचा चार हात तुकडा कापला आणि मागच्या अंगाला कपडे वाळत घालायला बांधला. उरलेला नीट गुंडाळून खुंटीवर ठेवला. त्यांना पत्ता लागला नाही. मला वाटलं, कधी लागणारही नाही.

आमची एकच गाय आहे, तांबू. पहिल्या वेताला तिचं वासरू जगलं नाही. महिनाभर ती रिकाम्या दावणीला चाटत होती आणि मला गोठ्यात जाववत नव्हतं. आता ती पुन्हा गाभण होती, सातवा महिना. ह्या वेळी वासरू हातात घ्यायचंच, असं मी मनाशी ठरवलं होतं.

भात झोडून झालं त्या आठवड्यातली गोष्ट. तांबू दुपारीच चरून परतली ती लंगडत. नदीकडच्या वाटेवर कोण्या मुंबईवाल्यानं जागेला काटेरी तार मारली होती, त्यात ती अडकली असावी. उजव्या मागच्या मांडीला आतून, कासेच्या जवळ, वीतभर फाटलं होतं. मी हळद घेऊन धावले, तर हे म्हणाले, "हळदीनं भागणार नाय. डाक्टर बोलवा."

माझा मुलगा रुपेश रसायनीला कंपनीत आहे. रात्रपाळी असल्यामुळे तो घरी होता. त्यानं फोन लावला आणि तासाभरात डॉक्टर पौर्णिमाताई स्कूटरवरून आल्या. वयानं रुपेशएवढ्याच, पण घाबरट नव्हत्या. त्यांनी जखमेला हात लावायला आणि तांबूनं लाथ झाडायला एकच गाठ पडली. सामानाचा ट्रे उडून शेणात गेला.

"टाके घालावेच लागतील," ताई म्हणाल्या, "पण उभ्यानं ही घालू देणार नाही. आणि गुंगीचं इंजेक्शन ह्या महिन्यात देता येत नाही. दिलं तर वासरू टाकेल."

"मग?"

"आडवी करायची. पण आपटली तरी तोच धोका आहे. चार-पाच माणसं मिळतील का?"

रुपेशच्या चेहऱ्यावर एकदम तेज आलं. आमच्या आळीचा कबड्डीचा संघ गेल्या वर्षी तालुक्याला पहिला आला होता. सहा जण हजर झाले, मांड्या थोपटत. कर्णधार राकेशनं डॉक्टरबाईंना सांगितलं, "ताई, तुमी फक्त बाजूला ऱ्हावा." मग त्याच्या इशाऱ्यावर एकानं पाय पकडला, दोघांनी कंबरेला मिठी घातली, दोघे मानेला लोंबकळले. तांबूनं त्या पाचही जणांना घेऊन उंबराच्या झाडापर्यंत चढाई केली आणि एकालाही गुण दिला नाही. मी हसले असते. पण जखम आणखी उसवली, रक्त खुरापर्यंत आलं, आणि तिचं पोट झाडाच्या खोडाला घासता घासता राहिलं.

एवढं होईस्तोवर हे पायरीवर बसून होते. कारण मला ठाऊक होतं. महिन्यापूर्वी ह्याच पोरांसमोर रुपेश म्हणाला होता, "बा, तुमच्या बैलांच्या गोष्टी आता बास करा." तेव्हापासून त्यांनी बैल हा शब्द तोंडातून काढला नव्हता.

मला मात्र राग आवरला नाही. "अवो, बसलाय काय?"

"मला कोन इचारतंय?"

"मी इचारते हाय."

ते उठले. आत जाऊन दोर घेऊन आले आणि अंगणात उभं राहून हातानं मोजायला लागले. शेवटी थांबले, पुन्हा पहिल्यापासून मोजला, आणि माझ्याकडे पाहिलं.

"चार हात कमी हाय."

डॉक्टरबाई, रुपेश, सगळा संघ माझ्याकडे बघायला लागला. जन्मात एवढी शरमले नव्हते. "मी कापला," म्हटलं. "कपडं वाळत घालायला."

मला वाटलं, पंधरा वर्षांच्या भांडणाचं उट्टं आता निघणार. ते एवढंच म्हणाले, "जा, घेऊन ये."

मी रुपेशचा कंपनीचा ओला गणवेश, माझी लुगडी, सगळं कुंपणावर भिरकावलं आणि तुकडा सोडून आणला. त्यांनी तो शिंगांकडच्या टोकाला जोडला. "गाठ वर ऱ्हायली पायजे. पोटाखाली आली तर वासराला रुतंल." पोरांना त्यांनी भाताचा पेंढा गुडघाभर पसरायला लावला. मग तांबूच्या पाठीवर थाप देत दोर शिंगांना बांधला, पुढच्या पायांमागून अंगाभोवती एक वेढा दिला, कासेच्या पुढून दुसरा, आणि टोक मागे रुपेशच्या हातात दिलं.

डोकं धरायला राकेश पुढे झाला. "तू नको," हे म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "भीमे, तू ये."

कशेळ्याच्या बाजारात ह्यांना सगळे ओळखायचे. पण गावातले बैल आमच्याच अंगणात यायचे, आणि त्यांचं डोकं धरायला मी असायची. नव्यानं लग्न झालेली, हातात हिरवा चुडा. ते ह्या पोरांपैकी कोणाला माहीत नव्हतं, आणि इतक्या वर्षांत ह्यांनीही कधी तोंडातून काढलं नव्हतं. माझा समज, ते विसरले.

"माझं गुडघं बघा की," मी म्हटलं. "जमंल का आता?"

"हात इसरत नसतो."

मी एका हातानं शिंग धरलं, दुसऱ्यानं नाकपुड्या, आणि तिचं तोंड माझ्या कुशीकडे वळवलं. खरंच, हात विसरला नव्हता.

"आजोबा, जोरात नको," ताई म्हणाल्या.

"जोर लागतच नाय, ताई. तिला वाटलं पायजे, आपलीआपन बसले." मग रुपेशला, "हिसका देऊ नको रं. नुसता भार टाक. अजून. ऱ्हाऊ दे तसाच."

तांबूचे मागचे पाय थरथरले. कंबर खाली आली, मग गुडघे, आणि ती पेंढ्यात बसली. मी मान वळवत गेले तशी ती उजव्या कुशीवर कलंडली. चाऱ्याचं पोट डावीकडे असतं, ते वर ठेवायचं. साधा धप्प असा आवाजही झाला नाही. कबड्डीच्या पोरांना वरचा पाय बाजूला धरायचं काम मिळालं आणि त्यांनी ते मुकाट्यानं केलं.

ताईंनी जागा बधिर करून चौदा टाके घातले. तेवढा वेळ मी तिच्या कानाशी बोलत होते. शेवटी ताईंनी माझा हात ओढून तिच्या पोटावर ठेवला. आतून एक धक्का बसला, मग दुसरा.

"जिवंत आहे, मावशी. चांगलं रांगडं आहे."

मी नवऱ्याकडे पाहिलं. ते दोर सोडत होते, घामानं सदरा पाठीला चिकटला होता. हा माणूस माझा आहे, ह्याचा मला एवढा अभिमान वाटला की मी सगळ्यांसमोर बोलले, "तुमी सांगता ते निम्मं नाय, समदं खरं हाय."

दोर रुपेशनं गुंडाळला. गाठ सोडली नाही, तसाच खुंटीवर टांगला. संध्याकाळी कपड्यांसाठी प्लॅस्टिकची निळी दोरी आणली.

माघात तांबू व्याली. कालवड झाली, आईसारखीच तांबडी. मी तिला हातात घेतलं आणि पोटभर रडले.

त्यानंतर पंधरवड्यानं कशेळ्याची जीप दारात थांबली. डोंगराकडच्या वाडीत एक गाभण गाय खडकावरून घसरली होती आणि पौर्णिमाताईंनी आजोबांना बोलावलं होतं. ह्यांनी पांढरा सदरा घातला, दोर खांद्यावर घेतला. मी वाटेत खायला भाकरी बांधून दिली. जीपच्या पायरीवर एक पाय ठेवून ते ड्रायव्हरकडे वळले.

"दोघांची जागा हाय का रं?"

"डाक्टरबाईंनी एकल्या तुमालाच बोलावलंय, बाबा."

"मग त्यांना कळव, एकला येत नाय म्हणून. डोकं धरनारी ती हाय. आधीपासून तीच हाय."

ड्रायव्हरनं पुढच्या सीटवरची पोती मागे टाकली. मी लुगडं बदलायला आत गेले नाही, तेवढ्यात जागा भरली असती. ह्यांनी मला खिडकीशी बसवलं आणि दोर माझ्या मांडीवर ठेवला.