खाचेत अडकलेला दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी दरवाजा आहे. घराचा नव्हे हो, बंधाऱ्याचा! आष्टीकडच्या एका लहानशा नदीवर चौदा दरवाजांचा बंधारा आहे, त्यातला काठालगतचा पहिला मी. पावसाळ्यात आम्हाला काढून ठेवायचे, म्हणजे पूर गाळासकट निघून जातो. पाऊस सरला की पुन्हा खाचांत बसवायचे, म्हणजे पाणी थांबते. वेळेवर झाले तर हे काम, नाहीतर घात.

सुरुवातीची वर्षे मोठी मानाची गेली. विहिरींना उन्हाळ्यापर्यंत पाणी टिके. माझ्या शेजारीच छबुबाईचे दोन एकर रान, तिथे ज्वारी डोलत असे. मला बसवले की ही बाई हळदकुंकू लावायची. मी फुगून जायचो, खोटे कशाला बोलू?

आता आमच्या गावाचे दुखणे ऐका. दसरा झाला की निम्मे गाव कोयते घेऊन ऊसतोडीला जाते. मागे उरतात म्हातारी माणसे नि पोरे. पाऊस मात्र हल्ली दसऱ्यानंतरही हटत नाही. तीन वर्षांपूर्वी मुकादमाची गाडी येऊन उभी राहिली, तेव्हा नदी अजून गढूळच होती. दरवाजे बसवणारा रामहरी म्हणाला, औंदा राहू द्या. छबुबाई ऐकेना. तुम्ही गेल्यावर हे लोखंड आम्ही म्हातारी उचलणार का, आत्ताच बसवून जा, असा तिने हट्ट धरला. रामहरीने आम्हाला बसवले आणि तो गाडीत चढला.

पाचव्या दिवशी पूर आला. छबुबाई आणि चार म्हातारे दोर घेऊन धावले, पण आमच्यातला एकही जागचा हलेना. वाहत आलेले बाभळीचे खोड माझ्या पोटावर आदळले आणि मी वाकलो. नदीला वाट मिळाली नाही, तिने बंधाऱ्याला वळसा घातला आणि छबुबाईचे एक एकर रान डोळ्यांदेखत खरडून नेले. अहो, मला बाजूला व्हायचे होते! पण दरवाजाला स्वतःहून कुठे उघडता येते?

उन्हाळ्यात बाकीचे तेरा निघाले. मी वाकडा, तो खाचेतच राहिलो. गाळ गळ्यापर्यंत आला. जीव नुसता गुदमरतो. अर्ज झाले, कुणीतरी येऊन माझे फोटो काढून गेले. दर पुरात माझ्यापाशी झाडोरा अडकतो, पाणी काठाकडे वळते आणि रानाचा आणखी एक लचका तुटतो. आता छबुबाईकडे अर्धा एकर उरला आहे. मृग तोंडावर आला आहे.

उसाच्या फडावरून परतलेल्या रामहरीने यंदा मनावर घेतले. माझ्याभोवतीचा गाळ उपसून लोकांनी तो छबुबाईच्या खरडलेल्या रानात पसरला. साखळ्या लावून मला ओढले. मी कण्हलो, पण निघालो नाही. शेवटी कापायचे ठरले. नवा दरवाजा आणू, दसऱ्याला बसवूनच जाऊ, असे लोक म्हणू लागले.

छबुबाई पुढे आली. माझ्या गंजलेल्या कडेवर हात ठेवून म्हणाली, "ह्याचा काय दोष हाय? घाई मी केली. माजं रान मीच घालवलं." मग रामहरीकडे वळली. "नवा बसवा, पर पाऊस हटल्याबिगर न्हाई. अन् दरवाजं उचलणारं एक तरी घर गावात ऱ्हायला पायजे."

फडावर न जाणे म्हणजे वर्षाच्या भाकरीवर पाणी सोडणे. रामहरी मान खाली घालून उभा राहिला. त्याची बायको मंजुषा मात्र बोलली, "औंदा आमी ऱ्हातो, मावशी."

मग दर घराने त्यांना दोन पायल्या ज्वारी द्यायची ठरले. लई उशिरा सुचले, पण सुचले.

रामहरीने आता मला कापायची गॅसची ज्योत पेटवली आहे. माझे थोडेच क्षण उरले आहेत, म्हणून सांगतो. मित्रांनो, पाणी जरूर अडवा. पण दरवाजा बसवण्याआधी एवढे विचारा, तो उघडायला मागे कोण राहणार आहे? माझ्या वेळी हे कुणी विचारले नाही.