देवमाशाची हाडं

टेगन वाळूवर तिसऱ्यांदा ओकली, तेव्हा संग्रहालयासाठी हाडं सोडवणाऱ्या म्हाताऱ्या हर्बनं सुरी तिच्यापुढे धरली.

"झालं पोट रिकामं? आता कामाला लाग."

"मला रोजगार कार्यालयानं पाठवलंय. मला यात काडीचा रस नाही."

"मलाही नव्हता," म्हातारा म्हणाला.

टास्मानियाच्या किनाऱ्याला लागलेला देवमासा अकरा दिवसांत फुगून फुटला होता. एकोणीस वर्षांची टेगन गुडघाभर पिवळ्या चरबीत उभी राहून मांस खरवडत होती. अळ्या मोज्यांत शिरत होत्या. घरी आईनं तिला अंगणातच नळीखाली उभं केलं.

दुसरं काम मिळेना, म्हणून ती परत गेली. संग्रहालयामागच्या शेडमध्ये हाडं उकळायची, घासायची. महिन्याभरानं एका बरगडीवर तिचं बोट अडलं.

"ही मोडून पुन्हा जुळलीये का हो?"

"मी कशाला सांगू? बघ की."

ती दोन दिवस बघत राहिली. जेवणाची सुट्टी संपली तरी डबा तसाच.

मग किनाऱ्यावर काही लागलं की लोक तिलाच फोन करू लागले. मित्र म्हणाला, "तुझ्या केसांना मढ्याचा वास येतो."

"मग लांब बस."

तो लांब गेला तो गेलाच. किळस मात्र गेली नाही. रोज सकाळी शेडच्या दारात पहिल्या श्वासालाच ओकारी यायची. तरीही ती जायची. हर्ब वारला. सांगाडा तिनं एकटीनं पुरा केला. चार वर्षं लागली.

तो दालनात लागल्यावर सहा महिन्यांत संग्रहालयाचे नवे संचालक आले. "हाडांतून अजून तेल गळतं. लोक नाक मुरडतात," म्हणाले. प्लॅस्टिकचा सांगाडा आला. पांढराफेक, गुळगुळीत.

टेगननं त्यावर हात फिरवला आणि झटकन मागे घेतला. कुजक्या चरबीचीही तिला इतकी शिसारी आली नव्हती.

"सगळे मणके एकाच साच्यातले आहेत, सर."

"कुणाला कळतंय?"

खरी हाडं गावाबाहेरच्या जुन्या खाणीत पुरायची ठरली. टेगन खड्ड्यात उतरली आणि जबड्यापासून शेपटीपर्यंत एकेक हाड जागच्या जागी मांडू लागली.

"अगं पोरी, वर मातीच तर लोटायचीय!" बुलडोझरवाला ओरडला.

तिनं पुढचा मणका उचलून जागेवर ठेवला. मग त्यानं इंजिन बंद केलं.