बोलक्या पेटीचे मौन

माझी धर्मपत्नी दृष्टिहीन असून विद्यार्थ्यांचे निबंध तपासते. पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारी तिची बोलकी पेटी जुनी. लॅपटॉप मात्र नवा आला. त्याचा स्वतःचा आवाज तिच्या कानाला काही केल्या रुचेना.

"माझी पेटी बोलली नाही, तर मी हे काम सोडीन," ती म्हणाली.

मी नवी वायर आणून पेटी लॅपटॉपला जोडली. तिच्यावरचा दिवा लागल्याचे मी बायकोला सांगितले, परंतु पेटीने मौन सोडले नाही. वायर पुनःपुन्हा काढून लावता लावता मी घामाघूम झालो.

"अहो, दिव्याकडे काय बघत बसलात? सरका जरा."

तिने पेटीवरून बोटे फिरवली. मागे तिच्या हेडफोनची पिन तशीच खोचलेली होती आणि सारा आवाज टेबलाखाली लोंबणाऱ्या हेडफोनमध्ये चालला होता.

"तुमची दुपारची झोप मोडू नये म्हणून मीच लावते ना!" ती हसली. पिन उपसताच पेटी खणखणीत वाचू लागली.

जेवणानंतर ती पुन्हा पिन चाचपू लागली, तेव्हा मी तिचा हात धरला.

"राहू दे. निजेन मी."

"एवढ्या गोंगाटात?"

"तुझ्या घोरण्यात निजतोच की!"

पेटी निबंध वाचत राहिली आणि माझा डोळा केव्हा लागला, ते मला कळलेच नाही.